आभा कार्ड काढले, पण त्यातली माहिती वाचणार कोण?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एव्हाना आभा कार्ड काढले असेल. चौदा आकडी नंबर, मोबाईलमध्ये क्यूआर कोड. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले, तेव्हापासून किती कार्डे निघाली याचेच आकडे आपण ऐकतो. त्या नंबरमागे साठणारी माहिती वाचणार कोण, हे कुणी सांगत नाही.

ती वाचण्याचे एक शास्त्र आहे, बायोमेडिकल इन्फर्मेटिक्स. साध्या मराठीत वैद्यकीय माहितीशास्त्र. एका केसपेपरवर न दिसणारी गोष्ट हजार केसपेपर शेजारी मांडले की दिसू लागते. पीएचडी किंवा एमडी झाल्यावर दोन-तीन वर्षे मानधनावर अशा एकाच प्रश्नामागे लागण्याची जागा म्हणजे पोस्टडॉक. या जागा परदेशात आहेत, आपल्या मोठ्या शहरांतही आहेत. यवतमाळला का नसाव्यात?

२०१७ आठवा. कपाशीवर फवारणी करताना आपल्या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो भरती झाले. कोणत्या औषधाने? मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या जातीचे असेल तर अॅट्रोपिन देतात. डायफेन्थियुरॉन वेगळ्या जातीचे, त्यावर खास उतारा नाही. म्हणजे औषधाचे नाव हा कागदी सोपस्कार नाही, उपचार त्यावर ठरतो. पण एका पंपात दोन-तीन औषधे मिसळलेली असतात, नातेवाईक ‘फवारा मारत होते’ एवढेच सांगतात आणि बरेचदा केसपेपरवरही तेवढेच उतरते. पुढे रुग्ण पीएचसीतून ग्रामीण रुग्णालयात, तिथून यवतमाळला. प्रत्येक ठिकाणी नवा कागद. २०२० मध्ये ५१ बाधितांची तक्रार स्वित्झर्लंडपर्यंत गेली, तेव्हा पोलिसांच्या नोंदींचा मोठा आधार घ्यावा लागला. वैद्यकीय प्रश्नाचे उत्तर पोलीस ठाण्यात शोधावे लागते, हे मला डॉक्टर म्हणून बोचते.

आपले वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासूनचे. तिथे एक माणूस याच कामाला बसला, कोणते औषध, कोणते गाव, कोणता आठवडा हे रोज जुळवू लागला, तर पुढच्या हंगामात इशारा मिळायला मृत्यूंची वाट पाहावी लागणार नाही. तो इथेच बसायला हवा. ‘पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती’ या वाक्याचा अर्थ दूरच्या शहरात संगणकासमोर बसलेल्याला कळणार नाही.

‘डॉक्टर, आधी पीएचसीत डॉक्टर द्या, मग संशोधक आणा,’ असे तुम्ही म्हणाल. मागणी रास्तच आहे. पण एका संशोधकाच्या मानधनाने पीएचसी ओस पडत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यांत घरोघरच्या नोंदी ठेवून नवजात बाळांवर काम केले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये आले. आज आशाताई तुमच्या घरी तान्हे बाळ पाहायला येते, त्यामागे ते संशोधन आहे.

पैसा अगदीच नाही असेही नाही. आयसीएमआर आहे, केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्स आहे. तिथे डॉक्टरांसाठीही फेलोशिप निघाल्या आहेत. अडते ते यजमान संस्थेपाशी. मार्गदर्शक हवा, संगणकीय सोय हवी, वॉर्डातून सुटलेला वेळ हवा. जिल्ह्याचे कॉलेज तिथेच मागे पडते आणि हुशार पोरगा पुण्याला जातो. (अमेरिकेत नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने विद्यापीठांना अशा प्रशिक्षणासाठी पैसे दिले आहेत, पण त्या जागा तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच.) या तीन गोष्टी कॉलेजला देणे शासनाला अवघड नाही. आमदार-खासदार गावात आले की रस्त्यासोबत हेही मागा. आणि तुमच्या नोंदी संशोधनाला जाताना नाव-पत्ता काढूनच जाव्यात, ही अटही घाला.

तोवर एवढे करा. फवारणीनंतर मळमळ, घाम, लाळ, धूसर दिसणे, छातीत घुसमट जाणवली तर काम थांबवा, कपडे काढून अंग साबणाने धुवा, थेट दवाखाना गाठा. सोबत औषधाचा डबा नाहीतर लेबलचा फोटो आणा. पंपात जे जे मिसळले होते त्या सगळ्यांची नावे केसपेपरवर लिहून घ्या. मी नसेन तर जो डॉक्टर असेल त्याच्याकडून.