निकालाआधी पेपर वाचा!

“सोव्हिएत चित्रकला? ती तर निव्वळ सरकारी जाहिरात!” असे म्हणून हात झटकणारे रसिक आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात. मी पडलो मॅट्रिक झालेला शाळामास्तर. कलेवर अधिकारवाणीने बोलणे माझे काम नव्हे. पण निकाल देण्यापूर्वी पेपर वाचावा, एवढे मास्तराला कळते.

तर वाचकहो, तात्याना याब्लोन्स्काया या बाईंचा पेपर पाहू. जन्म १९१७ चा, स्मोलेन्स्कचा. कीव्हच्या कला संस्थेत त्या शिकल्या आणि १९४४ पासून तिथेच शिकवू लागल्या. १९४८ च्या उन्हाळ्यात लेताव्हा नावाच्या युक्रेनी खेड्यात, सामुदायिक शेतीवर जाऊन त्यांनी रेखाटने केली. त्यांतून १९४९ साली ‘धान्य’ हे चित्र झाले. खळ्यावर सोनेरी रास, पोती भरणाऱ्या बायका, मधोमध बाही सावरणारी एक हसरी बाई. चित्राला स्टालिन पारितोषिक मिळाले.

आक्षेपक म्हणतात, १९४६-४७ मध्ये त्याच युक्रेनमध्ये दुष्काळ पडला, तरी सरकारची धान्यवसुली थांबली नाही, माणसे अन्नान्न करीत मेली. चित्रात त्याचा मागमूस तरी आहे का? नाही. आक्षेप खरा आहे, आणि तो झाकू पाहणारे भक्त मला निंदकांइतकेच नकोसे वाटतात. या मौनाचा जाब सत्तेला विचारा, चित्रकर्तीलाही विचारा. पण म्हणून राशीत राबणारे ते हात खोटे कसे ठरतात? उपास सोसलेल्या मुलखात धान्य पाहून बाई हसली, तर त्या हसण्यालाही प्रचार म्हणायचे काय?

“बाई हुकमाच्या ताबेदार होत्या,” हा दुसरा आरोप. मग १९४७ च्या त्यांच्या ‘शर्यतीपूर्वी’ या चित्रावर पाश्चात्त्य दृक्प्रत्ययवादाचा ठपका का आला? आणि पुढचेही ऐका. १९९९ मध्ये पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला. बाई डाव्या हाताने पेस्टलची चित्रे काढायला शिकल्या आणि २००५ साली मरण येईपर्यंत काढीत राहिल्या.

सोव्हिएत राज्य तर १९९१ मध्येच बुडाले होते. मग निंदक महाशय, त्या डाव्या हाताला हुकूम कोणाचा होता?