जखमेच्या पदकालाही मान हवा

लष्करी पदकांमध्ये एक फीत पांढरी असते आणि तिच्या मधोमध लाल पट्टा असतो. ती ‘वूंड मेडल’ची फीत. १९७३ मध्ये हे पदक ‘पराक्रम पदक’ या नावाने सुरू झाले. शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्या सैनिकाला ते मिळते. देवळाली कॅम्पात माझे गणवेशाच्या सामानाचे दुकान आहे. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी जवळ आली की माजी सैनिक पदके नव्या फितीत बसवून घ्यायला येतात. क्रम ठरलेला असतो : सेना मेडल आधी, वूंड मेडल नंतर. सेना मेडल दिसले की दुकानातली इतर गिऱ्हाइके आदराने चौकशी करतात. लाल पट्ट्याच्या फितीबद्दल कोणी विचारलेच, तर फौजी म्हणतो, “स्प्लिंटर लागलं होतं.” विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपू नये, असे मला मनापासून वाटते.

शौर्यपदकाला साक्षीदार लागतो. कोणीतरी तो पराक्रम पाहावा लागतो, कमांडिंग ऑफिसरने शिफारस लिहावी लागते आणि ती वरपर्यंत टिकावी लागते. ही चाळणी कडक असते आणि ती तशीच असायला हवी. पण नाशिक हे तोफखान्याचे गाव आहे. नाशिकरोड कॅम्पच्या आर्टिलरी सेंटरमध्ये गनर घडतात, देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत अधिकारी शिकतात. गनरची लढाई कशी असते, हे इथल्या लोकांना सांगावे लागत नाही. आपल्या तोफेने मारा केला की शत्रूची तोफ तिचा माग काढते आणि उलट मारा येतो. गोळे पडत असतानाही तोफेवरची माणसे जागा सोडत नाहीत. त्यांतल्या एकाचा पाय तुकड्याने फाटतो. यात शिफारशीत रंगवून लिहावा असा प्रसंग नसतो. तो माणूस हुकमाप्रमाणे जागेवर उभा होता, एवढेच असते. माझ्या लेखी तेवढे पुरेसे आहे.

जखम हा नशिबाचा भाग, त्यात शौर्य कसले, असा आक्षेप घेतला जातो. गोळा कोणाला लागेल हे नशीब ठरवते, हे खरे. पण तो जिथे पडणार आहे तिथे उभे राहणे हे नशिबाचे काम नाही. ते कर्तव्य आहे, आणि ते ज्याने शरीराने फेडले त्याचे देणे आपल्यावर आहे. अमेरिकेत युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना १९३२ पासून ‘पर्पल हार्ट’ दिले जाते. तिथे ते पदक शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

आपल्याकडे वीरमरण आलेल्यांना समाज विसरत नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाममध्ये स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे गेले, तेव्हा सारे नाशिक हळहळले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यागचक्रावर पंचवीस हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. जखमींसाठी तिथे भिंत नाही. जखमी जवान रुग्णालयातून सुटतो, रेल्वेने घरी येतो आणि पुढची तीस-चाळीस वर्षे ती जखम घेऊन शेती करतो किंवा एखाद्या सोसायटीच्या गेटवर बसतो. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या झेललेले सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहले आणि देशाला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्यांनाही पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले. ज्यांनी पुढे कुठलेच सुवर्ण आणले नाही, त्यांना कोण विचारणार?

पैशांतही हाच फरक आहे. २०१७ च्या वाढीनुसार परमवीर चक्राला महिना २० हजार रुपये, तर शौर्यासाठीच्या सेना मेडलला २ हजार रुपये भत्ता ठरला. वूंड मेडलसोबत असा भत्ता नाही. युद्धात अपंगत्व आले तर पेन्शन मिळते, पण ती अपंगत्वाची भरपाई असते. पदकाचा मान वेगळा आणि तोही मिळायला हवा. राज्य सरकारने या पदकधारकांना मानधन सुरू करावे. रक्कम छोटी असली तरी चालेल.

मात्र सरकारची वाट न पाहता गावाला करता येईल असे एक काम आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची नोंद असते. ग्रामपंचायतीने आपल्या गावातल्या वूंड मेडलधारकांची माहिती घ्यावी, त्यांची संमती विचारावी आणि शौर्यपदक विजेत्यांच्या शेजारी त्यांची नावेही फलकावर लिहावीत. झेंडावंदनाला त्यांना पुढच्या रांगेत बसवावे आणि कोणत्या आघाडीवर, कोणत्या साली जखम झाली ते मुलांसमोर वाचून दाखवावे. महापालिकेने प्रभागात हेच करावे. सिन्नर, निफाड, चांदवड, येवला, जिथे जिथे फौजी घरे आहेत, तिथल्या तरुणांनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा. नाशिक जिल्ह्याने सुरुवात केली, तर महाराष्ट्र मागे राहणार नाही.