चिमणीखालची रात्र

शनिवारी रात्री लोअर परळला एक बँड ऐकायला गेलो. बास गिटारवरची मुलगी डोळे मिटून वाजवत होती. पायाखालची फरशी थरथरत होती. हे संगीत मला मनापासून आवडतं. पण बाहेर पडलं की गिरणीची चिमणी समोर उभी राहते आणि जीव कासावीस होतो. लाल बावटा कलापथकाच्या शाहिरांनी, अण्णाभाऊ साठ्यांनी, अमर शेखांनी याच गिरणगावाच्या रात्री डफाच्या थापेवर जागवल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. त्यांच्या जागी टॉवर आले, पब आले. हजारो गिरणी कामगारांना मात्र हक्काचं घर अजून मिळालेलं नाही. त्यासाठी म्हातारे पाय अजून मोर्चात चालतात. इथे रात्री नाचणाऱ्या पोरांनो, पुढच्या मोर्चाला या. येताना वाद्यं घेऊन या.