पोटातला तेल्या

शुक्रवार संध्याकाळची हुतात्मा पकडून सोलापूर गाठलं. वीकेंडचा अजेंडा एकच : कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि लोळणं. पण रविवारी पहाटे पोटाने संप पुकारला. आदल्या रात्री चौकातल्या गाडीवर मारलेला ताव नडला. आणि सोमवारी ऑफिसात प्रेझेंटेशन!

आपला नेहमीचा उपाय ठरलेला. मेडिकलमध्ये जायचं, 'एखादी स्ट्राँग अँटिबायोटिक द्या हो' म्हणायचं, दोन गोळ्या घ्यायच्या, उरलेल्या पाकिटात. निघालोच होतो, तेवढ्यात मामा आडवे आले. मामांची सांगोल्याजवळ डाळिंबाची बाग आहे.

"आरं, बागंत मी हेच केलं. तेल्या दिसला की मार स्ट्रेप्टोमायसीन. आधी फरक पडायचा. मग पडंना."

तेल्या म्हणजे डाळिंबाचा कर्दनकाळ. झँथोमोनास नावाचा हा जिवाणू पानाफळांवर तेलकट डाग पाडतो, मग फळ तडकतं. डाळिंबाच्या अशा दुखण्यांवर काम करायला सोलापुरात केगावला २००५पासून राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे.

आता गंमत बघा. स्ट्रेप्टोमायसीन आलं कुठून? मातीतूनच! १९४३ साली अमेरिकेत अल्बर्ट शाट्झने ते मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून मिळवलं आणि टीबीवरचं पहिलं प्रभावी औषध हाती आलं. मृगाच्या सरीनंतर मातीला जो वास सुटतो ना, तोही बराचसा याच कुळाची कृपा.

पण औषध ऊठसूट मारलं, की लेचेपेचे जिवाणू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. पुढे वाढतात ते हेच. वर औषध पचवायची युक्ती शेजारच्या जिवाणूंनाही देतात. बागेत होतं तेच पोटात. शिवाय अन्न पचवायला मदत करणारी आपली माणसंही त्या फवारणीत जातात, ते वेगळंच.

मामा आता तेल्याचा पावसाळी जोर टाळायला हस्त बहार धरतात, रोगट फांद्या काढून जाळतात, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करतात. फवारणी विचारूनच.

मग मीही शहाण्यासारखा ओआरएस प्यायलो, दहीभात खाल्ला, झोपलो. साधे जुलाब बहुतेकदा एवढ्यावर आटोक्यात येतात. ताप असेल, रक्त पडत असेल, अंगातलं पाणी कमी झालंय असं वाटत असेल, तर मात्र सरळ डॉक्टर गाठायचा, मेडिकलचं काउंटर नव्हे.

सोमवारी प्रेझेंटेशन झालं. जरा हळू आवाजात, पण झालं. आणि हो, पाकिटातल्या त्या जुन्या गोळ्या काढून टाकल्या. तुमच्याही पाकिटात असतील, बघा जरा!