विरजण

परवा आईने विचारलं, "रात्रभर हा कॉम्प्युटर करतो तरी काय?" म्हटलं, कंपायलर बांधतोय. तोही क्रॉस. म्हणजे चालणार रत्नागिरीतल्या या पीसीवर, पण प्रोग्राम बनवणार एआरएम प्रोसेसरच्या छोट्या बोर्डासाठी.

गंमत अशी की जीसीसी पूर्ण व्हायला सी लायब्ररी लागते आणि लायब्ररी कंपाइल करायला जीसीसी! म्हणून आधी बायनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरे), मग लायब्ररीविना अर्धंमुर्धं जीसीसी, कर्नल हेडर्स, त्यावर ग्लिबसी आणि शेवटी पुन्हा पूर्ण जीसीसी.

"म्हणजे विरजणच की," आई म्हणाली. "दह्याला आधी दही लागतं." अगदी तेच!

हे सगळं तयार डाउनलोड होतं, क्रॉसटूल-एनजीसारखी साधनंही आहेत. मग खटाटोप कशाला? १९८४ साली छापून आलेल्या ट्युरिंग व्याख्यानात केन थॉम्प्सनने दाखवलं, की कंपायलरमधला चोरदरवाजा सोर्समध्ये न दिसताही पुढच्या कंपायलरमध्ये उतरू शकतो. विरजण नासकं, तर दहीही नासकं. स्वतः बांधूनही ही भीती जात नाही, कारण माझं पहिलं जीसीसी तयारच आणलेलं.

तरी माझं मत, प्रत्येक प्रोग्रामरने हे एकदा हाताने करावं. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकरांनी २०११ आणि २०१२ साली जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या. तेवढं खोल सगळ्यांना जमणार नाही. पण विरजण कुणाकडून आणलं, एवढं तरी ठाऊक असावं.

असो. ग्लिबसी चालू आहे. लाइट गेली नाही म्हणजे मिळवली!