विश्लेषण : थॅलियमचे विष नेहमीच्या तपासणीत का सापडत नाही?

अहेरी तालुक्यातील महागाव येथे सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच कुटुंबातील पाच जण साधारण वीस दिवसांत एकापाठोपाठ दगावले. अहेरी, चंद्रपूर, नागपूर अशी उपचारांसाठी धावपळ झाली. डॉक्टरांना विषबाधेचा संशय होता. पण सुरुवातीच्या तपासण्यांत विष सापडले नाही. पुढे थॅलियम या जड धातूचे नाव समोर आले आणि पोलिसांनी नात्यातील दोन महिलांना अटक केली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. आरोग्य यंत्रणेपुढचा प्रश्न वेगळा आहे : धातूचे विष ओळखायला इतका वेळ का लागतो?

थॅलियमचे क्षार पाण्यात विरघळले की ना रंग, ना वास, ना चव. आधी उलट्या, पोटदुखी. मग हातापायांना मुंग्या, तळपायांची आग. केस गळू लागले की थॅलियमचा संशय येतो, पण तोवर दोन-तीन आठवडे उलटलेले असतात. १९७७ मध्ये लंडनच्या रुग्णालयात कतारहून आणलेल्या एका बाळाचा आजार कुणालाच उमगेना. तो ओळखला एका परिचारिकेने, कारण ती अगाथा ख्रिस्तीची ‘द पेल हॉर्स’ वाचत होती! रुग्णाचे नशीब असे कादंबरीवर सोडता येत नाही.

यंत्र नेमके काय करते?

विषबाधा म्हटली की आपल्याकडे आधी कीटकनाशक शोधले जाते. धातूची तपासणी वेगळी. त्यासाठीचे ‘ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन’ तंत्र ऑस्ट्रेलियाच्या ॲलन वॉल्श यांनी १९५०च्या दशकात विकसित केले. रक्त किंवा लघवीचा नमुना आधी नायट्रिक आम्लात विरघळवतात, मग ग्रॅफाइटच्या छोट्या नळीत प्रचंड तापवून त्यातील धातूचे सुटे अणू करतात. त्यातून प्रकाश सोडला की प्रत्येक धातू आपल्या ठरलेल्या तरंगलांबीचाच प्रकाश शोषतो. थॅलियमची तरंगलांबी २७६.८ नॅनोमीटर. जितका प्रकाश कमी झाला, तितका धातू जास्त. सर्वसाधारण माणसाच्या एक लिटर लघवीत थॅलियम एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भागही नसतो. तरीही यंत्र ते पकडते.

मेख दिव्यात आहे. यंत्रातला दिवा सहसा एकाच धातूचा असतो. शिशाचा दिवा लावला तर थॅलियम दिसणार नाही. म्हणजे कोणता धातू शोधायचा, हे डॉक्टरांनी आधी सांगावे लागते. (‘आयसीपी-एमएस’ हे यंत्र एकाच वेळी अनेक धातू मोजते, पण ते महाग आणि मोजक्याच ठिकाणी.)

मग अहेरीत यंत्र हवे का?

नको. असे यंत्र चालवायला प्रशिक्षित माणूस, शुद्ध रसायने, अखंड वीज लागते; नाही तर ते धूळ खात पडेल. नमुना मात्र अहेरीतच घेतला गेला पाहिजे, तोही पहिल्याच दिवशी. थॅलियम रक्तातून लवकर उतरून शरीरात पसरते, म्हणून चोवीस तासांची लघवी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत जमवणे अधिक खात्रीचे. एका घरातील दोघांना एकाच वेळी उलट्या आणि मुंग्या असतील, तर ‘जड धातू तपासा’ अशी लेखी सूचना नमुन्यासोबत जायला हवी. महागावात कुटुंबाच्या मदतीला धावलेल्यांनाही तसाच त्रास सुरू झाला होता, हा इशारा पुरेसा मोठा होता.

घाईचे कारण साधे आहे. थॅलियमवर उतारा आहे : ‘प्रशियन ब्लू’, मूळचा एक निळा रंग. तो आतड्यातच थॅलियमला धरून शौचावाटे बाहेर काढतो. तो लवकर द्यावा लागतो, आणि त्यासाठी चंद्रपूर किंवा नागपूरच्या औषधसाठ्यात आधीपासून असावा लागतो.