काशिनाथ कोणासाठी उभा आहे?

शीवहून एका भगिनीचे पत्र आले आहे. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवसा कामाला जाते, रात्री अभ्यास करते. परीक्षेसाठी तिला 'फॉइल कॅरेक्टर' म्हणजे काय ते समजावून हवे आहे. पण अर्धे पत्र दुसऱ्याच गोष्टीने भरले आहे. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा तिने घरात मोठ्याने वाचून दाखवली. वाचन संपल्यावर आई म्हणाली, "यातला खरा माणूस काशिनाथच." भाऊ म्हणाला, "तो भांडखोर आहे. असल्या माणसांमुळेच आपल्याकडे लोक वाकड्या नजरेने बघतात." हा भाऊ नुकताच परगावी नोकरीला लागला आहे, भाड्याची खोली शोधतो आहे, आणि एजंटाने त्याला आडनाव जरा वेगळे सांगा असा सल्ला दिला आहे. त्या रात्री ताटे तशीच राहिली, असे ती लिहिते.

प्रश्न परीक्षेचा होता, तो घरात येऊन बसला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फॉइल हा शब्द सोनाराच्या कामातला आहे. खड्याचे तेज उठून दिसावे म्हणून त्याच्या खाली चकचकीत धातूचा पातळ पत्रा बसवीत. पत्रा स्वतः दिसत नाही, खडा मात्र झळकतो. साहित्यात एका पात्राचा स्वभाव उठून दिसावा म्हणून लेखक त्याच्याजवळ दुसरे पात्र ठेवतो, ते फॉइल. मराठीत त्याला विरोधी पात्र म्हणावे तर ते नेहमी विरोध करीत नाही, पूरक म्हणावे तर नेहमी मदतही करीत नाही. आपण या सदरापुरते तुलनेचे पात्र म्हणू.

परीक्षेत मुले चुकतात ती येथेच. खलनायक नायकाची वाट अडवतो. तुलनेचे पात्र वाट अडवीलच असे नाही. तो मित्र असेल, भाऊ असेल, शेजारीण असेल. खूण एकच पाहावी. दोघांवर प्रसंग सारखा आला आहे का, आणि दोघे वेगळे वागले का? शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणले. त्यात हॅम्लेट आणि लेआर्टीस या दोघांचेही बाप मारले जातात. एक विचार करीत राहतो, दुसरा तडक तलवारीला हात घालतो. दुसरा नसता तर पहिल्याचे थांबणे आपल्याला इतके जाणवले नसते.

परदेशात कशाला जायचे? बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या बालपणीचा पक्ष्याचा प्रसंग आहे, तो आपल्या घरातल्या लहान मुलांनाही पाठ असतो. सिद्धार्थ आणि देवदत्त चुलतभाऊ, एकाच कुळातले. पक्षीही एकच. एकाने बाण मारला, दुसऱ्याने बाण काढून त्याला जगवले. दोघे एकाच अंगणात वाढले, म्हणूनच तो फरक आपल्या मनात बसतो.

आता बागुलांकडे येऊ. शीव स्टेशनच्या पश्चिमेला धारावी ओलांडून गेले की माटुंगा लेबर कॅम्प लागतो. नाशिककडच्या विहितगावात १९३० साली जन्मलेले बागुल लहानपणी मावशीकडे म्हणून या वस्तीत आले. पुढे त्यांनी सुरतेकडे रेल्वेत नोकरी केली. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली निघाला. २००८ साली बागुल गेले. २०१८ साली जेरी पिंटो यांनी हा संग्रह इंग्रजीत नेला.

कथेतला निवेदक गुजरातेत रेल्वेत कामाला जातो. शिकलेला आहे, कविता करतो. जात सांगत नाही, त्यामुळे त्याला राहायला जागा मिळते, माणसे मिळतात, एक सहकारी तर त्याला कवी म्हणून डोक्यावर घेतो. आणि त्याच ठिकाणी बागुल काशिनाथाला आणून उभा करतात. तोही आपलाच, तोही मुंबईचा. पण तो काही लपवीत नाही, अपमान गिळत नाही, आणि त्याच्याजवळ चाकू असतो. निवेदकाला त्याच्याबद्दल आतून ओढ आहे, पण मी तुझाच, असे चारचौघांत म्हणायची त्याला चोरी आहे. शेवटी बिंग फुटते. काल ज्यांनी आदर केला तेच त्याला मारतात. सोडवायला धावून येतो तो काशिनाथ.

म्हणजे व्याख्येप्रमाणे काशिनाथ हा निवेदकाच्या तुलनेचे पात्र झाला. गाइडात बहुधा एवढेच असेल. पण मला विचाराल तर पत्रा कोणता आणि खडा कोणता हे या कथेत शेवटपर्यंत ठरत नाही. काशिनाथामुळे निवेदकाची घुसमट दिसते, तशी निवेदकामुळे काशिनाथाच्या चाकूमागची लाचारीही दिसते. एकाला सभ्य राहण्यासाठी खोटे बोलावे लागते. दुसऱ्याला खरे बोलण्यासाठी हत्यार बाळगावे लागते. खरे बोलून, रिकाम्या हाताने, कोणाचे देणे-घेणे नसलेल्या साध्या कामगारासारखे राहावे, ही तिसरी वाट दोघांनाही नाही. निवेदकालाही शेवटी मारणाऱ्यांचे चेहरे दिसत नाहीत, त्यांच्यामागचा मनू दिसतो.

जुन्या मराठी कथा-कादंबऱ्यांत आपला माणूस आला तर बहुतेक पत्रा म्हणूनच येत असे. वाड्यातल्या मालकाचे मन किती मोठे हे दाखवायला एक पाया पडणारा गडी हवा, तो आपला. त्याचे काम झाले की तो मागच्या दाराने जाई, पुढच्या पानावर त्याचे नावही नसे. बागुलांनी दोन्ही बाजूंना आपलीच माणसे उभी केली. मला तरी ही कथा त्यासाठी थोर वाटते. (शीर्षकही पुन्हा एकदा बघावे. स्वतःचीच वस्तू स्वतःच चोरावी लागलेला हा माणूस आहे.)

म्हणून ताई, आईचे म्हणणे मला पटते, पण भावाला गप्प करण्यासाठी ते वापरू नये. तो निवेदकाच्या जागी उभा आहे, आणि ती जागा सोपी नाही. आडनाव बदलून खोली घेणारे पुष्कळ असतात. शेजारी कधी काय विचारील या धास्तीने त्यांना घरात फोटो लावताना दहादा विचार करावा लागतो. भावाला ही कथा पुन्हा एकदा, पण स्वतःशी, वाचायला द्या. काशिनाथ भांडखोर आहे का, हे त्याने शेवटचा प्रसंग वाचून मग ठरवावे.

पेपरात मात्र आधी व्याख्या लिहा, मग दोघांवरचा सारखा प्रसंग सांगा, मग दोघांचे वेगळे वागणे. पत्रा कोणता, खडा कोणता, हे ठरत नाही असेही लिहा. तपासनीस त्याला किती गुण देतील ते सांगता येत नाही, पण लिहा.

आणि भावाला खोली कोठे मिळाली, कोणत्या आडनावाने मिळाली, तेही कळवा. जयभीम.